सौर कर्ज, ई-रिक्षा आणि ग्राहकाची माहिती: सहकारी बँकेने नेमके किती गोळा करावे?

प्रश्न नागपुरातील एका नागरी सहकारी बँकेच्या संचालकांचा आहे. त्यांच्या बँकेला छतावरील सौर संच आणि ई-रिक्षा यांसाठी मोबाइल ॲपवरून कर्जे द्यायची आहेत. ॲप पुरवणारी कंपनी पहिली दोन वर्षे काहीही शुल्क घेणार नाही. त्याऐवजी कर्जदाराच्या फोनमधील माहिती, घरच्या स्मार्ट मीटरच्या नोंदी आणि रिक्षावर बसवलेल्या जीपीएसचा डेटा तिच्या क्लाउडवर जमा होईल आणि त्यावरून ती बँकेला दरवर्षी ‘हरित अहवाल’, म्हणजे या कर्जांमुळे किती कार्बन वाचला याचा हिशेब, तयार करून देईल. हे कायद्यात बसते का, नव्या डेटा कायद्याचा खर्च आमच्यासारख्या लहान बँकेला झेपेल का आणि कागद वाचतो म्हणून या सगळ्याला पर्यावरणपूरक म्हणता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

विदर्भातील सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्या संगणक प्रणालींचे लेखापरीक्षण मी बावीस वर्षे करीत आलो आहे. या काळात गरजेपेक्षा जास्त साठवलेली माहिती एखाद्या संस्थेच्या उपयोगी पडल्याचे उदाहरण मला आठवत नाही. तिच्यामुळे झालेला मनस्ताप मात्र अनेकदा पाहिला आहे. म्हणून कर्जे जरूर द्यावीत, ॲपवरूनच द्यावीत, पण कंपनीचा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्जाचा निर्णय घेण्यासाठी आणि ते वसूल होईपर्यंत जेवढी माहिती खरोखर लागते तेवढीच घेतली, तर आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

फोनमधील माहितीचा मुद्दा तर चर्चेलाही उरत नाही. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांविषयी 2 सप्टेंबर 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 8 मे 2025 रोजी ती एकत्रित निर्देशांच्या रूपात पुन्हा जारी केली. नागरी सहकारी बँकांनाही ती लागू आहेत. कर्जाच्या ॲपने फोनमधील फाइली व छायाचित्रे, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, मायक्रोफोन किंवा ठिकाण यांचा वापर खातेदाराची ओळख पटवण्यापुरता, एकदाच आणि त्याच्या स्पष्ट संमतीने करता येतो. याच निर्देशांनुसार बँकेच्या वतीने काम करणाऱ्या सेवा पुरवठादाराला कर्जदाराचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक अशी कामापुरती किमान माहितीच स्वतःकडे ठेवता येते आणि सारा डेटा भारतातील सर्व्हरवरच असावा लागतो. आपल्या प्रस्तावातील ‘सर्व डेटा कंपनीच्या क्लाउडवर’ हे कलम त्यामुळे पहिल्याच वाचनात गळून पडते. वसुलीसाठी कर्जदाराच्या मामेभावाला आणि कार्यालयातील वरिष्ठांना फोन करणारी ॲपे ज्या संपर्क यादीवर जगत होती, ती यादी बंद करण्यासाठीच हे नियम आले आहेत. (पतसंस्थांना रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागू नाहीत, पुढे सांगितलेला डेटा कायदा मात्र त्यांनाही लागू आहे. पतसंस्थांचे पदाधिकारी ‘आम्ही तर सहकार निबंधकांच्या अखत्यारीत’ असे म्हणून निर्धास्त राहतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.)

आता डेटा कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर बऱ्याच मसुद्यांनंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. बँकेवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. ‘मग अजून वेळ आहे’ असे आपल्या संचालक मंडळात कोणीतरी म्हणेलच. पण सौर कर्जाची मुदत पाच ते सात वर्षे धरली, तर आज अर्जासोबत घेतलेला प्रत्येक कागद त्या दिवशी बँकेच्या ताब्यात असणार आहे आणि कायदा लागू होण्यापूर्वी संमतीने घेतलेल्या माहितीबद्दलही खातेदाराला शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्यावी लागणार आहे. आज जे घेतलेच नाही, त्याची सूचना द्यावी लागत नाही.

या कायद्यातील ज्या एका तरतुदीमुळे आपल्या करारातील समतोल बदलतो ती अशी: माहिती कोणत्या हेतूने आणि कशी वापरायची हे ज्याने ठरवले, त्याच्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी राहते, काम दुसऱ्या कंपनीला दिले आणि करारात काहीही लिहिले, तरी ती त्याच्या डोक्यावरून उतरत नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत आणि माहिती फुटल्याचे न कळवल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे कमाल आकडे आहेत. चुकीचे गांभीर्य आणि दंडाची प्रमाणबद्धता पाहूनच तो ठरवायचा आहे, त्यामुळे कोणी हे आकडे दाखवून महागडे सॉफ्टवेअर गळ्यात मारू पाहत असेल तर घाबरून जाऊ नये. मात्र दोन वर्षे फुकट सेवा देणारी कंपनी आपली कमाई कशातून काढणार आहे, हा प्रश्न तिला लेखी विचारावा. ती हा डेटा स्वतःच्या कामासाठी, उदाहरणार्थ इतर सावकारांना विकायची पतमूल्यांकने बनवण्यासाठी वापरणार असेल, तर ती नुसती आपली सेवेकरी उरत नाही. त्या वापरासाठी तिला खातेदाराकडून स्वतंत्र संमती घ्यावी लागेल.

खरे सांगायचे तर माहिती फुटण्याचा धोका मला क्लाउडपेक्षा आपल्याच माणसांच्या खिशात जास्त दिसतो. काही वर्षांपूर्वी शहरातील एका संस्थेच्या लेखापरीक्षणात मी दैनिक ठेव गोळा करणाऱ्या एका प्रतिनिधीचा फोन त्याच्याच परवानगीने पाहिला. गॅलरीत मुलीच्या वाढदिवसाचे फोटो, दीक्षाभूमीवर सहकुटुंब काढलेला फोटो आणि त्यांच्या अधूनमधून इतवारी-गांधीबागेतल्या दुकानदारांची आधार कार्डे, पॅन कार्डे, दोन्ही बाजूंनी काढलेली पासबुके. असे शेकडो फोटो होते. पद्धत अशी होती की प्रतिनिधीने फोटो काढायचा, शाखेच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचा आणि शाखेतल्या लिपिकाने तो उतरवून घ्यायचा. गटात अकरा जण, म्हणजे एका आधार कार्डाच्या अकरा प्रती, शिवाय प्रत्येकाच्या फोनचा क्लाउडवरील बॅकअप वेगळा. त्या अकरांपैकी एक जण आदल्या वर्षी नोकरी सोडून दुसऱ्या संस्थेत गेला होता आणि गटातून त्याला काढले होते; फोन मात्र अर्थातच त्याच्याबरोबर गेला होता. पुढे काही दुकानदारांना ‘तुमची ठेव अमुक तारखेला संपते ना, आमच्याकडे जास्त व्याज आहे’ असे फोन येऊ लागले, तेव्हा संस्थेने संगणक प्रणाली ‘हॅक’ झाल्याचा संशय घेऊन मला बोलावले होते. हॅक काहीही झाले नव्हते.

आपल्या बँकेतही असा गट असेल, असे मी गृहीत धरतो. ओळखपत्र थेट ॲपमधून बँकेच्या सर्व्हरवर जावे, फोनच्या गॅलरीत त्याची प्रत उरू नये आणि आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेले असावेत, एवढे झाले तरी जोखीम निम्म्याने उतरते, असे माझे निरीक्षण आहे.

आता आपल्या प्रस्तावातील हरित भागाकडे वळतो. पर्यावरणाच्या नावाने मागितलेल्या माहितीला सहसा कोणी नाही म्हणत नाही, म्हणून तिथे जास्त बारकाईने पाहावे लागते.

स्मार्ट मीटरच्या नोंदी अर्ध्या तासाने किंवा त्याहूनही कमी वेळाने होतात. कुटुंब किती वाजता उठते, दुपारी घर रिकामे असते का, एसी कोणत्या खोलीत आहे हे कळले नाही तरी तो किती तास चालतो, लग्नाला सारे गावाला कधी गेले, हे सगळे त्या आकड्यांतून वाचता येते. स्मार्ट मीटर बसवण्यावरूनच नागपुरात किती वाद झाला हे आपण पाहिले आहे. त्या मीटरमधली माहिती बँकेकडे जाते असे उद्या कळले, तर खातेदार काय म्हणेल याचा विचार करावा. आणि बँकेला यातले लागते काय? कर्ज देताना मागील बारा महिन्यांची वीज बिले पुरतात. संच बसल्यानंतर नेट मीटरिंगच्या बिलावर ग्राहकाने ग्रिडला किती युनिट दिले हे दर महिन्याला छापून येते. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30,000, 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला 78,000 रुपये अनुदान मिळते. ते संच सुरू झाल्याची तपासणी झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे पैसा योग्य कामाला लागला याचा पुरावाही बिनखर्चात हाती येतो.

राहिला हरित अहवाल. आपल्याकडच्या उन्हात 1 किलोवॉटचा संच वर्षाला साधारण 1,400 युनिट वीज देतो, म्हणजे 3 किलोवॉटचा सुमारे 4,200 युनिट. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीवरून धरता येते. गुणाकार केला तर एका छतामागे वर्षाला जवळपास 3 टन वाचले. हा हिशेब संचाच्या क्षमतेच्या एका आकड्यावरून होतो. ज्याला तो अधिक काटेकोर हवा आहे त्याने वर्षाची एकूण युनिट घ्यावीत. अर्ध्या तासाच्या नोंदी घेऊन अहवालातील आलेख देखणे होतील, उत्तर तेच राहील. घरगुती अक्षय ऊर्जेची कर्जे 10 लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे बँकांनी कर्जांचा ठरावीक वाटा ज्यांना द्यायचा असतो त्या क्षेत्रांत, मोजली जातात. त्या मोजणीलाही याहून जास्त काही लागत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. या अहवालाच्या जोरावर ‘हरित ठेव’ (जिचा पैसा पर्यावरणपूरक कामांनाच लावायचा अशी ठेव) अशी जाहिरात करण्याचा मोह टाळावा, कारण रिझर्व्ह बँकेची 11 एप्रिल 2023 ची हरित ठेवींची चौकट व्यापारी बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांसाठी आखलेली आहे आणि तिच्यात निधीच्या वापराची दरवर्षी त्रयस्थाकडून पडताळणी अपेक्षित आहे.

ई-रिक्षाचा जीपीएस हा याहून नाजूक विषय आहे. वाहनावरचे उपकरण हे फोन नव्हे, त्यामुळे डिजिटल कर्जाच्या निर्देशांतील फोनविषयक मनाई त्याला शब्दशः लागू होत नाही, असा युक्तिवाद कंपनी करील आणि तो अगदीच चुकीचाही नाही. पण चालकाची दिवसभराची वाटचाल ही त्याची वैयक्तिक माहितीच आहे. सीताबर्डीवरून मेडिकलला किती फेऱ्या झाल्या, तो कोणत्या देवळापुढे किंवा दर्ग्यापुढे रोज थांबतो, कोणत्या डॉक्टरकडे दर आठवड्याला जातो, हे जाणून बँकेचा हप्ता अधिक सुरक्षित होत नाही. व्यवसाय चालू आहे की नाही हे कळण्यासाठी महिन्याला कापलेले एकूण अंतर पुरे आहे, आणि वाचलेल्या कार्बनचा अंदाजही त्याच आकड्यावरून निघतो. उपकरणाने अंतर मोजावे आणि महिन्याच्या शेवटी एक आकडा पाठवावा. मार्गाची नोंद बँकेकडे येऊच नये. काही पुरवठादार हप्ता थकला की दुरून रिक्षा बंद पाडण्याची सोयही देऊ करतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना मानेवाड्याच्या चौकात सवारीसकट बंद पडलेली रिक्षा डोळ्यांपुढे आणावी आणि ही सोय करारातूनच काढून टाकावी. वसुलीसाठी महाराष्ट्र सहकार कायद्याच्या कलम 101 चा, म्हणजे निबंधकांकडून वसुली दाखला घेण्याचा मार्ग आपल्याला खुला आहेच.

माहिती किती काळ ठेवावी, यावर बँकांमध्ये मला कायम एकच उत्तर मिळते: ‘असू द्या, कधी लागेल सांगता येत नाही.’ कायदा मात्र आता उलट विचारतो. हेतू संपला किंवा संमती मागे घेतली की माहिती पुसावी, दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग असेल तेवढीच ठेवावी. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार व्यवहारांच्या नोंदी व्यवहारापासून 5 वर्षे आणि ओळखीची कागदपत्रे खातेसंबंध संपल्यापासून 5 वर्षे जपावी लागतात. वसुलीचे प्रकरण चालू असेल तर त्याची फाइल अर्थातच शेवटपर्यंत राहील. नव्या नियमांप्रमाणे वापरलेली माहिती आणि ती कोणी, केव्हा वापरली याच्या नोंदी त्या वापरापासून किमान 1 वर्ष ठेवायच्या आहेत. म्हणजे उद्यापासून सगळे पुसत सुटा, असे कोणी म्हणत नाही. पण नामंजूर झालेल्या अर्जदारांची या मुदती उलटलेली कागदपत्रे, कर्ज फिटून दहा वर्षे झालेल्या जामीनदारांच्या पगारपावत्या आणि जुन्या सॉफ्टवेअरमधले सगळे ‘आहे तसे’, यांना कोणताही आधार उरत नाही. जामीनदारांची माहिती तर सगळेच विसरतात.

आणि हे जुने साठवणे फुकट नसते. एका बँकेत सॉफ्टवेअर बदलून सहा वर्षे झाली होती, तरी जुना सर्व्हर ‘मागचा डेटा पाहायला लागतो’ म्हणून अहोरात्र सुरू होता. त्याच्या स्विचवर खाकी टेप लावून बॉलपेनने ‘बंद करू नये’ असे लिहिले होते. कोणी लिहिले ते कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटचे लॉगिन चौदा महिन्यांपूर्वीचे होते. असा सर्व्हर 400 वॉट घेतो असे धरले, तर वर्षाला सुमारे 3,500 युनिट होतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या खोलीचा एसी बंद ठेवता येत नाही आणि लहान सर्व्हर खोल्यांत एसीला जवळपास तेवढीच वीज लागते, असे मी पाहत आलो आहे. दोन्ही मिळून 7,000 युनिट. आपण ज्यांना कर्ज देऊ अशा 3 किलोवॉटच्या दीडहून अधिक छतांची वर्षभराची वीज त्या टेपखालच्या स्विचने गिळली, आणि ती वीज येते कोठून ते सांगायला कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमण्या फार दूर नाहीत. कागद वाचल्याचे श्रेय घेण्यापूर्वी हा हिशेब करावा. शिवाय ॲपवरून आलेला अर्ज शाखेत छापून, शिक्का मारून पुन्हा फाइलला लावला जातो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की कागद वाचतो या म्हणण्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. जुने सर्व्हर काढताना त्यातील डिस्क आधी कायमची पुसावी, नंतरच ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्यावी; भंगारवाल्याकडे गेलेल्या डिस्कमध्ये आख्खे खातेपुस्तक असू शकते.

खर्चाचे उत्तर यातच आले. सांकेतिक रूपात साठवणे, कोण काय पाहू शकतो यावर मर्यादा, नोंदी आणि बॅकअप यांवर होणारा खर्च साठवलेल्या माहितीच्या प्रमाणात वाढतो. आधी एक कर्मचारी महिनाभर बसवून कोणती माहिती कुठे, कोणाकडे आणि कशासाठी आहे याची यादी करवून घ्यावी. अशा यादीनंतरच काय विकत घ्यायचे ते कळते आणि बहुधा विक्रेत्याने सांगितलेल्यापेक्षा ते कमी निघते.

करारासाठी रिझर्व्ह बँकेच्या 10 एप्रिल 2023 च्या माहिती तंत्रज्ञान सेवांविषयीच्या निर्देशांचा नमुना घ्यावा. ते नागरी बँकांपैकी टियर 3 आणि 4, म्हणजे ठेवींच्या मानाने मोठ्या बँकांसाठी आहेत, पण त्यापेक्षा लहान बँकेने तीच कलमे घातली तर कोणी अडवत नाही. तपासणीचा हक्क, करार संपल्यावर डेटा परत देऊन पुसल्याचे प्रमाणपत्र आणि घटना घडल्यास बँकेला तत्काळ कळवणे ही तीन कलमे सोडू नयेत. शेवटचे विशेषतः, कारण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि नव्या नियमांनुसार बाधित खातेदारांना विनाविलंब व डेटा संरक्षण मंडळाला 72 तासांत सविस्तर माहिती द्यावी लागेल. शनिवारी रात्री लक्षात आलेली घटना कंपनीने सोमवारी सकाळी सांगितली, तर तिचे ते 6 तास कधीच संपलेले असतील.

संमतीपत्राबद्दल शेवटी लिहितो. ते इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी खातेदार निवडेल त्या भाषेत मिळाले पाहिजे. नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्ही तयार ठेवावे. आपण पाठवलेल्या मसुद्यात ‘बँकेस व तिच्या सहयोगी संस्थांस योग्य वाटेल त्या कारणाकरिता माझी माहिती वापरण्यास माझी हरकत नाही’ असे वाक्य आहे. नव्या कायद्यात अशी सरसकट संमती टिकणार नाही. रिक्षाच्या कर्जासाठी मी ते असे लिहीन: ‘तुमच्या रिक्षाने महिन्यात एकूण किती किलोमीटर अंतर कापले, एवढा एक आकडा बँक घेते. रिक्षा कुठे गेली हे बँक पाहत नाही. कर्ज फिटले की आकडा घेणे बंद होईल. हा आकडा द्यायचा नसेल तर तसे सांगा; त्यासाठी कर्ज नाकारले जाणार नाही. दिलेली संमती याच ॲपवरून कधीही मागे घेता येईल.’ खाली तक्रार कोणाकडे करायची त्याचे पद व फोन क्रमांक असावा. तक्रारीला 90 दिवसांच्या आत उत्तर देणे बंधनकारक होणार आहे. हा मजकूर शाखेतल्या लिपिकाने एखाद्या रिक्षाचालकाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि तो जिथे अडखळेल किंवा चालक ‘म्हणजे काय?’ असे विचारील, तिथले वाक्य बदलावे. संचालक मंडळाची मंजुरी त्यानंतर घ्यावी. व्हॉट्सॲप गटावर ओळखपत्रे पाठवणे बंद करण्याचे काम मात्र मंजुरीसाठी थांबवू नये. ते या आठवड्यात, ॲपचा निर्णय काहीही झाला तरी, करून टाकावे.